बुळकांडीच्या आधी पोहोचणारा

धरणगावच्या गुरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली तेव्हा बायको भुसावळलाच राहिली. माझी आई अंथरुणाला खिळली होती, तिच्यापाशी कोणी तरी हवं होतं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. दवाखान्याच्या मागे मला दोन खोल्या होत्या. संध्याकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा होऊन गेला की ऐकायला काही उरत नसे. माझं लहानपण रेल्वेच्या चाळीत, इंजिनांच्या आवाजात गेलेलं. ती शांतता अंगावर यायची. मी स्टोव्हवर भात टाकायचो आणि तो शिजेपर्यंत उगाच पातेल्याजवळ उभा राहायचो.

नोकरी गुरांच्या डॉक्टरची असली तरी निम्मं काम बोलण्याचं होतं. कुठे बुळकांडीची, गुरांच्या त्या जीवघेण्या साथीची, बातमी आली की आसपासच्या गावांत रोगाच्या आधी पोहोचायचं, दवंडी द्यायची, चावडीवर लोकांना समजावायचं आणि गुरांना लस टोचायची. पण मी गेलो की पाठोपाठ रोग येतो, असं लोकांच्या मनात बसलं होतं. माझी बैलगाडी पांदीच्या वाटेवर दिसली की बायका गोठ्याचं दार ओढून घेत. पाणी मागितलं तर देत, बस म्हणत नसत.

त्या हिवाळ्यात तापीकाठच्या एका गावी गेलो. कपाशीची वेचणी उरकत आली होती. चावडीवर बरीच माणसं जमली. मी रोग कसा पसरतो ते सांगितलं, बाजारातून आणलेलं जनावर वेगळं बांधा म्हटलं, सरकारी पत्रक वाचून दाखवलं. लस अगदी निर्धोक आहे, असं पत्रकात छापलं होतं. सगळे शांतपणे ऐकून उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी पिंपळाखाली लस घेऊन बसलो. दुपारपर्यंत एकही जनावर आलं नाही.

उन्हं कलल्यावर एक म्हातारी आली. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. नवरा गेलेला, मुलगी लांब दिलेली, घरात ती आणि एक गाय.

"बठ्ठा गाव नही म्हनस, कोनीच तयार नही," ती म्हणाली. "माले खरं सांगा भाऊ. गायले काय व्हई?"

मी पत्रक बाजूला ठेवलं. म्हटलं, "अक्का, ताप येईल. चारा टाकेल, दूध आटेल. आठवडाभर तुम्हाला तिची काळजी वाटेल. मग उठेल, आणि बुळकांडी आली तरी जगेल."

तिने सांगितलं की मागे असाच एक सरकारी माणूस येऊन गेला होता. काही होत नाही, असं सांगून त्याने टोचलं आणि त्याच दिवशी तो निघून गेला. ऐन पेरणीत बैल तापाने बसले. लोक घाबरले, विचारायला कोणी नव्हतं.

"तुम्हीबी जाशात का?"

"नाही. गाय चारा खाईपर्यंत राहतो."

तिच्या गाईला मी टोचलं आणि मारुतीच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेत मुक्काम केला. ते दिवस फार लांबले. सकाळ-संध्याकाळ गाईचा ताप बघायचो, मधला सगळा वेळ ओट्यावर बसून काढायचो. समोरून माणसं विहिरीकडे जात, शेतावर जात. मी राम राम केला तर तेही करत आणि पाय उचलत. घरी असतो तर आईला कुशीवर वळवणं तरी झालं असतं, असं वाटायचं.

गाईला ताप चढला तसं गावात बोलणं सुरू झालं. एका संध्याकाळी पाच-सात जण अक्काच्या अंगणात आले. मी गाईपाशीच होतो. एक जण माझ्याकडे न बघता म्हणाला, "चांगली गाय आजारी पाडी दिनी."

अक्का चुलीपाशी होती, तिथूनच बोलली. "यानी माले आगोदरच सांगेल व्हतं. जे सांगं तेच व्हई राहिनं."

सगळे तसेच परत गेले. अक्काने मला भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवताना तिने विचारलं, "घर कोन कोन शे?"

मी आईचं सांगितलं, बायकोचं सांगितलं.

"मंग तुमना संगे कोन शे?"

मी भाकरी मोडत राहिलो. तिने आणखी थोडं भरीत वाढलं.

गाईने चाऱ्याला तोंड लावलं त्या सकाळी पाटील स्वतः आपले बैल घेऊन आले. जवळची लस इतके दिवस टिकणारी नव्हती, धरणगावहून ताजी मागवावी लागली. आता मी टोचण्याआधी प्रत्येकाला ताप येणार हे सांगत होतो, आणि लोक मान हलवत होते, कारण ते त्यांनी पाहिलं होतं. पत्रक मी पिशवीतून काढलंच नाही.

महिन्याभरात बुळकांडी आली. टोचलेली गुरं वाचली. एका शेतकऱ्याने नाही म्हटलं होतं, त्याची बैलजोडी गेली. मी त्याच्या दारी गेलो. त्याने बसायला घोंगडं टाकलं. आम्ही दोघं बराच वेळ रिकाम्या दावणीकडे तोंड करून बसलो.

पुढे त्या भागात मला मान मिळाला. गावात गेलो की जनावरं आपोआप बाहेर यायची, लोक खुराकाचं विचारायचे, गाभण गाईचं विचारायचे. बोलणं जनावराचं असायचं, ते संपलं की तेही उठायचे आणि मीही. अक्काकडे मात्र मी वाट वाकडी करून जायचो. ती फार बोलायची नाही, पण बस म्हणायची.

नंतर माझी बदली नरडाण्याच्या बाजूला झाली. तिथल्या पहिल्या गावात दवंडी दिली तेव्हा बायकांनी दारं ओढून घेतली. मी झाडाखाली सतरंजी अंथरली आणि कोणी येतंय का ते बघत बसलो.