माहेरच्या कोंबडीची नऊ पिल्लं

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. प्रथिनं, कर्बोदकं, जीवनसत्त्वं हे शब्द फळ्यावर इतक्या वेळा लिहिले की शेवटी शेवटी खडू आपोआप वळायचा. एवढी विद्या गाठीला असलेल्या माणसाला परसातल्या कोंबड्यांना दाणा टाकणं जमणार नाही, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

कोंबड्या बायकोच्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनं झरी जामणीकडच्या आपल्या माहेराहून उघड्या मानेची एक कोंबडी टोपल्यात घालून एसटीनं आणली होती. मी तेव्हा नवा नवा मास्तर. आपल्या मांडीजवळ कोंबडी ओरडतेय याची मला वाटभर लाज वाटत होती. त्या कोंबडीची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं, असा वंश आमच्या परसात चालत आला. पुढं तिचे आईवडील गेले, भाऊ चंद्रपूरला राहायला गेला, तिकडचं घर पडलं. माहेर म्हणून हाताला लागेल असं तिच्याजवळ एवढंच उरलं. त्यातही गेल्या उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि त्या वंशातली एक म्हातारी कोंबडी तेवढी वाचली. खुराड्यातल्या बाकीच्या सगळ्या नंतर बाजारातून आणलेल्या: पाच अंड्यावरच्या, तीन तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पोरी, आणि एक कोंबडा, जो सूर्य चांगला वर आल्यावर आरवतो.

दिवाळीच्या सुमारास म्हातारी खुडूक झाली, उबवायला बसायला लागली. बायकोनं तिला तिच्याच अंड्यांवर बसवलं आणि नऊ पिल्लं निघाली.

"हिचं आता हे शेवटचं," बायको म्हणाली. "यातल्या दोन-तीन जरी तलंगा झाल्या, तं माह्यं माहेर आखीन चालते."

पिल्लं दहा दिवसांची असताना पुण्याहून फोन आला. लेकीचे दिवस भरायला अवकाश होता, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. बायकोला जाणं भाग होतं, तेही दोन-अडीच महिन्यांसाठी.

जाण्याआधी दोन दिवस ती मला शिकवत होती. अंगणात बांबूचं एक डालगं चार विटांवर उपडं घातलेलं असायचं. खालची फट एवढीच की पिल्लं सुळकन आत जातील आणि मोठ्यांची मान तेवढी शिरेल. पिल्लांचा बारीक दाणा डालग्याच्या मधोमध, कुणाची चोच पोचणार नाही असा. मोठ्यांना ज्वारी आणि तांदळाची कणी, तीही आधी पलीकडच्या कोपऱ्यात टाकायची, म्हणजे त्या तिकडं धावतात आणि लहान्यांना मोकळीक मिळते. तलंगांचं भांडं वेगळं, कारण अंड्यावरच्या त्यांना जेवू देत नाहीत आणि त्या राग पिल्लांवर काढतात. अंड्याची टरफलं कुटून करवंटीत, उंचावर. "ते अंड्यावाल्यायले लागते. लहान्यायच्या पोटात जाऊ देजा नोको." मी हो हो म्हणत होतो. मनात म्हणत होतो, ही कोंबड्यांचं वसतिगृह चालवते की काय!

पिल्लांसाठी ती दोन डबे भरून ठेवून गेली. कणी, ज्वारीचा भरडा आणि भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तर पंधरा झाले. सकाळी चहा घेऊन मी परसात बसायचो आणि पिल्लं डालग्याखाली शिरताना पाहून खूश व्हायचो. पंखांना पिसं फुटत होती. चार पिल्लांची मान उघडी होती, त्यांच्या म्हाताऱ्या आईसारखी.

मग डबे संपले.

घरात सोयाबीनची पोती होती, त्या वर्षीचीच, आमच्याच शेतातली. बायको दर वेळी कढईत सोयाबीन भाजायची, घरभर वास सुटायचा, आणि मी पेपरामागून खोकून नाराजी दाखवायचो. माझी समजूत अशी की ती कोंबड्यांचे लाड करते. आता कारभार माझ्या हाती आला होता. मी विचार केला, शास्त्रशुद्ध विचार: भाजल्यानं जीवनसत्त्वं जातात. पिल्लांना वाढीसाठी हवीत प्रथिनं, आणि सोयाबीन तर प्रथिनांचं कोठार. मग आहे तसं, कच्चंच, का देऊ नये? मी ते गिरणीतून भरडून आणलं आणि बायकोपेक्षा सढळ हातानं मिसळलं. उरलेलं मोठ्या कोंबड्यांनाही घातलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी मुलांना शिकवलेली आहे.

मोठ्या कोंबड्यांना काही झालं नाही. त्यांनी ते खाल्लं आणि अंडी दिली. त्यामुळं पिल्लांकडं माझं लक्ष उशिरा गेलं. ती खात होती, सारखी खात होती, आणि वाढत नव्हती. पिसं विस्कटलेली, पंख खाली लोंबलेले, विष्ठा चिकट. आणि त्यांचा आवाज बदलला होता. आधी दाणा टिपताना ती आपसात बारीक किचकिच करायची. आता भरल्या भांड्यापुढं उभी राहून उंच, तीक्ष्ण आवाजात ओरडत होती. मी आणखी सोयाबीन घातलं.

बायकोचा रोज सकाळी फोन यायचा. आधी लेकीची तब्येत, मग पिल्लं. मी परसातच बसलेलो असायचो. एका सकाळी ती बोलता बोलता थांबली.

"पिल्लं काहून ओरडून राह्यली अशी?"

"थंडी आहे."

"थंडीचं ओरडणं नाही ते. भुकेचं हाय. काय चारून राह्यले तुमी?"

"तू सांगतलं तेच," मी म्हणालो.

का म्हणालो? मी स्वतःला सांगितलं की लेकीची काळजी तिच्या डोक्यावर आहे, तिला आणखी घोर नको. हे खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. भरडा करण्याआधी तिला विचारायला हवं होतं, आणि ज्या बाईला मी कधी शिकवणारी समजलोच नव्हतो तिला विचारणं मला कमीपणाचं वाटलं होतं. आता विचारलं असतं तर तेव्हा न विचारल्याचंही उघडं पडलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "मंग थंडीच असन."

चार दिवसांनी पहिलं पिल्लू गेलं. सकाळी डालग्याशेजारी पडलेलं होतं. त्यानंतर दोन, एकाच दिवशी. अशक्त पिल्लांना पळता येत नव्हतं आणि तलंगांना ते लगेच कळलं. एकाच्या डोक्यावर टोचून टोचून रक्त काढलं होतं. म्हातारी पिसं फुलवून तलंगांच्या अंगावर जायची आणि दमून बसायची. मला तिच्याकडं पाहवत नव्हतं. फोनवर मी सांगत होतो, सगळं ठीक आहे. तिनं एकदा व्हिडिओवर दाखवा म्हटलं, तर मी रेंज नाही म्हणालो.

सहावं पिल्लू गेलं त्या दिवशी मी स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. कच्चं सोयाबीन, भरडा, सहा पिल्लं.

मग ती एकदम म्हणाली, "तं म्या इतके वर्ष भाजो कायले? धुराची हौस होती म्हणून? आता उठा, पहिले ते भांडं रिकामं करा. नुसती कणी द्या, शिजवून, आन् एक अंडं उकडून बारीक कुस्करून. उरलेल्यायले तलंगांपासून अलग करा. आत्ता."

मी तसं केलं. तीन पिल्लं वाचली. नंतर मोबाईलवर वाचलं की कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारं काहीतरी असतं, ते उष्णतेनं जातं. मोठे पक्षी ते थोडंफार सोसतात, लहान्यांना सोसत नाही. फळ्यावर लिहावं असं स्वच्छ वाक्य होतं.

नात झाली, दोघी सुखरूप. बायको परत आली तेव्हा उन्हाची धग लागायला लागली होती. पिशवी ओट्यावर ठेवून ती तशीच परसात गेली. तीनपैकी दोन कोंबडे निघाले होते. तिसरी तलंग, पण वयाच्या मानानं फारच खुरटी, एका पायानं किंचित लंगडणारी. बायकोनं तिला उचललं, पोटाखाली हात घालून वजन पाहिलं, पंख उलगडून पाहिला.

"ही अंड्यावर येन का?" मी विचारलं.

"नाही वाटत," ती म्हणाली.

तिनं तिला खाली सोडलं आणि पायरीवर बसली. मी शेजारी बसलो.

"पहिल्या वर्षी माह्या हातूनही मेली होती," ती म्हणाली. "आपण सोयाबीन पेरलं तवा. सात मेली. तवापासून भाजते."

त्या वर्षी मी याच घरात होतो. मला सात पिल्लं मेल्याचं काही आठवत नाही.

"चुकलंच माझं," मी म्हणालो. "कच्चं द्यायला नको होतं."

"त्याचं काय घेऊन बसले? चुकते मानूस." ती माझ्याकडं न पाहता बोलत होती. "मले आवाज आयकू आला होता. मले समजलं होतं. पन तुमी मनलं, तू सांगतलं तेच चारतो. तं मले वाटलं, माह्याच कानाचं काही चुकलं असन."

मला जे बोलायचं होतं ते त्या सकाळी फोनवर बोलायचं होतं. तेव्हा नऊच्या नऊ जिवंत होती.