सात नंबरचा शेवटचा बास्केट

मला एक सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? स्वतःच्या डोळ्यांवर, जुन्या दोस्तांवर की घरच्या बायकोवर? घाई नाही. चहा घ्या, विचार करा. तोवर मी माझी फजिती सांगतो, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

कल्याणच्या बाजारात माझं ताडपत्री, सुतळी आणि गोणपाटाचं दुकान आहे. शिक्षण दहावीपर्यंत, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. पण या पोटावर जाऊ नका. तरुणपणी मी ठाण्याजवळच्या बाळकुमच्या संघाकडून बास्केटबॉल खेळायचो. सात नंबर. आजही पन्नाशीपुढच्यांच्या सामन्यांत कल्याणकडून उतरतो. पळणं कमी, पंचांशी वाद जास्त.

बाळकुमचा संघ मी सोडला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. कारण एकच, ती फायनल. पूर्वार्धात मी खेळलो, मध्यंतरानंतर मला बाकावर बसवलं आणि शेवटच्या मिनिटाला पुन्हा आत घेतलं. आम्ही एका गुणाने मागे. डोळ्यांवर चष्मा नाही, कारण खेळताना मी तो काढून ठेवायचो. बॉल दिसतो, बास्केट दिसतं, अजून काय बघायचंय?

बॉल माझ्या हातात आला. मी वळलो आणि सुटलो. आपली पोरं मागून जीव तोडून ओरडतायत, "दिन्या! दिन्या!" समोरच्या संघातला एकही माणूस अडवायला आला नाही, इतकी माझी दहशत. मी उडी मारली, बॉल थेट जाळीत. आणि त्याच जोरात मी खांबावर. हनुवटी फुटली. मैदानभर एकच आवाज उठला, मला वाटलं माझ्याच बास्केटचा.

डॉक्टर टाके घालत होते तेव्हा दोस्तांनी सांगितलं, "शिट्टी आधी वाजली रे. तुझा बास्केट धरला नाही. एकाने हरलो."

आता टेबलावर गुण लिहायला कोण बसलेलं? आमचाच कॅप्टन, बळीराम भोईर. बळीदादा. गुडघा दुखावला म्हणून त्या मोसमात वही सांभाळायचा. आपलाच माणूस, आणि माझा बास्केट लिहीत नाही? पंधरा दिवसांवर लग्न होतं, म्हणून तोंड मिटलं. संघ मात्र सोडला.

मिटलेलं तोंड या हिवाळ्यात उघडलं. डोंबिवलीत आमचा सामना संपला आणि एका लोकल चॅनेलवाल्या मुलीने समोर माईक धरला. "काका, तुमच्या जुन्या संघाबद्दल दोन शब्द?"

दोन शब्द! अठ्ठावीस वर्षं मुरलेलं लोणचं ते, चमचाभर कसं वाढणार? मी बोलत सुटलो. ज्या संघात स्वतःच्या खेळाडूचा बास्केट खातात तो संघ वर कसा येणार, बळीराम भोईरने त्या दिवशी वहीत काय खरडलं ते एकदा कळू दे, असं सगळं. आणि शेवटी, हात वर करून, "मी व्यापारी माणूस. तोंडी काही मानत नाही. वही आणा, वही उघडा."

हे वाक्य मी दुकानात दिवसातून चार वेळा म्हणतो. सवयीने गेलं हो तोंडातून.

घरी आलो तर बायकोने व्हिडिओ आधीच बघितलेला. मला वाटलं, कौतुक करेल. ती म्हणाली, "अहो, बाकी काय बोलायचं ते बोलायचं. वही कशाला मागितलीत?"

"का? घाबरतो का काय मी?"

"तुम्ही नाही घाबरत. मी घाबरते."

दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळचा रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, वही उघडा ना, शेठ? शेजारचा मसालेवाला, समोरचा प्लास्टिकवाला, सगळ्यांच्या मोबाइलवर मीच. दुपारपर्यंत मजा वाटली. मग बाळकुमहून जुन्या संघातल्या विलासचा फोन आला.

मी विचारलं, बळीदादा काय म्हणाला?

"काही नाही म्हणाला. व्हिडिओ दोनदा बघितला. मग उठला आणि कपाट उघडलं."

"कपाटात काय आहे?"

"ते त्यालाच माहीत," असं म्हणून विलासने फोन ठेवला.

बळीदादा कोण ते तुम्हाला कळायला हवं. सहा फूट दोन इंच. खाडीवर वाढलेला, हाताचे पंजे वल्ह्यासारखे. रागावला की ओरडत नाही, गप्प होतो. एकदा त्याने पंचाकडे नुसतं बघितलं तर पंचाने दिलेला फाऊल परत घेतला. तो माणूस माझं नाव ऐकून गप्प झाला होता आणि कपाट उघडत होता.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. दुकानासमोर उंच माणूस दिसला की मी गल्ल्याखाली काहीतरी शोधायला वाकायचो. एकदा तर वाकलेलाच राहिलो आणि गिऱ्हाईक कंटाळून गेलं. घरी बायकोला म्हटलं, चार दिवस गावी जाऊ या का? ती म्हणाली, गाव कुठे पळून जातंय, आधी बळीदादांना फोन करा. फोन हातात घ्यायचो, बटण काही दाबवत नव्हतं.

चौथ्या दिवशी विलासचा मेसेज: दादा निघाला.

बाळकुम ते कल्याण, दुपारच्या वेळेला, फार तर तास-सव्वा तास. मी हमालांना सांगितलं, कोणी विचारलं तर शेठ भिवंडीला गेलेत. आणि गोदामात ताडपत्रीच्या थप्पीमागे जाऊन बसलो. चोपन्न वर्षांचा माणूस, व्यापाऱ्यांच्या सभेत भाषणं करणारा, घामाने भिजून प्लास्टिकच्या वासात. बाहेर आवाज आला. सावकाश, एका पायावर जोर देऊन चालणारी पावलं. तो गुडघा मी ओळखला.

पावलं थप्पीपाशी थांबली.

"भिवंडीत गरम होतंय काय रे, दिन्या?"

मी बाहेर आलो. हनुवटीवरच्या जुन्या टाक्यांवर हात आपोआप गेला. बळीदादा सुतळीच्या गठ्ठ्यावर बसला होता. केस पांढरे, पंजे तसेच. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लाल पुठ्ठ्याची वही.

"माझा नातू सकाळी ग्राउंडवर जातो," तो म्हणाला. "पोरं त्याला विचारतात, तुझा आजोबा चीटिंग करायचा का? त्याने मला येऊन विचारला. मी काय सांगू, तू सांग."

मार परवडला असता.

त्याने वही उघडून माझ्या हातात दिली. मी चष्मा लावला. फायनलचं पान. निकाल बघितला तर आम्ही एकाने नाही, तीन गुणांनी हरलेलो. मी म्हटलं, दादा, हे चुकलंय.

"शेवटची ओळ बघ."

शेवटची ओळ समोरच्या संघाच्या रकान्यात होती. दोन गुण. आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात: आपलाच सात नंबर.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात. बास्केटबॉलमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाकावरून उठलेल्या सात नंबरला सोडून. म्हणून कोणी अडवायला आलं नव्हतं. अडवतील कशाला? आणि ती पोरं "दिन्या, दिन्या" ओरडत होती ती मला थांबवायला.

"तुझा लगीन पंधरा दिवसांवर," बळीदादा म्हणाला. "तोंड फुटलेला. कोण सांगणार? मी सगळ्यांना दम भरला, याला कळला तर तंगडी तोडीन. आता रविवारी ती चॅनेलवाली ग्राउंडवर येणार. पोरं बोलतात, दादा, वही दाखव. मी बोललो, आधी त्याला विचारतो." त्याने त्या पानावर पंजा ठेवला. "तू बोल. नको असेल तर फाडतो."

तो खरंच फाडणार होता हो. नातवापुढे चीटर राहिला असता, पण फाडलं असतं. इतकी भीती मला तीन दिवसांत वाटली नव्हती. मी वही छातीशी धरली आणि म्हटलं, "नको, दादा. रविवारी मीच दाखवतो."

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा भाऊ होता ना त्या दिवशी मॅच बघायला. साखरपुडा झालेला, मोडायचा तर नव्हता. आम्ही म्हटलं, मुलगा धंद्यात हुशार आहे, दिशांचं आम्ही बघून घेऊ."

रविवारी मी बाळकुमच्या मैदानावर माईक मागून घेतला, पान उघडलं, मोठ्याने वाचलं आणि बळीदादाच्या नातवासमोर हात जोडले. पोरगं हसून लोळलं. मग सगळं मैदान. त्या दिवशी फायनलला आवाज झाला होता ना, अगदी तस्साच.

तर आता तुम्हाला एकच विनंती. कधी टेबलावर बसून कोणाचे गुण लिहायची वेळ आली तर वही खरी ठेवाच, पण जी लिहाल ती त्या माणसाला त्याच दिवशी वाचूनही दाखवा. जिवलग असला, तोंड फुटलेलं असलं, लग्न पंधरा दिवसांवर असलं तरी. नाहीतर अठ्ठावीस वर्षांनी त्याच्यासमोर कोणीतरी माईक धरतं.