फोटोतली आठ ताटं

परदेशी जायचं ठरलं की मी आधी भाकऱ्या बांधते आणि मग पासपोर्ट शोधते. आम्ही मूळचे निपाणीकडचे. बंगळूरच्या बनशंकरीत येऊन तीस वर्षं झाली, तरी प्रवास म्हटला की कडक भाकरी, शेंगांची चटणी, मेतकूट आणि दशम्या आपोआप पिशवीत जाऊन बसतात. त्यामुळे आमच्या रविवारच्या चित्रवर्गानं पहिल्यांदा जावा बेटावर जायचं ठरवलं, तेव्हा खाण्याची पिशवी कुणी न सांगताच माझ्याकडे आली. मीही ती आनंदानं घेतली, कारण मला हुकूम सोडायला आवडतं.

वर्गात आम्ही आठ जण. त्यातले एक अण्णा, बेळगावकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि माझ्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे असून मलाच अक्का म्हणतात. दुसरी एचएसआर लेआउटमधली मुलगी. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, आठवडाभर कंप्युटरपुढे बसते आणि रविवारी हात रंगवायला येते. उरलेले पाच जण जेवायला पुढे आणि बोलायला मागे, तेव्हा त्यांच्याविषयी एवढं पुरे.

योग्यकर्ता शहराजवळच्या एका खेड्यात जाऊन बातिक शिकायचं, म्हणजे कापडावर गरम मेणानं नक्षी काढून ते रंगवायचं, आणि तिथलं जेवण चाखायचं असा कार्यक्रम होता. त्यातला जेवणाचा भाग कागदावरच राहिला. आमच्यातले निम्मे शाकाहारी, उरलेले निम्मे भित्रे. आमटीत सुकी कोळंबी वाटून घालतात असं कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि माझ्या पिशवीचा भाव वधारला. चार दिवस आम्ही जावाची चित्रं पाहिली आणि निपाणीची भाकरी खाल्ली.

बातिक शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. त्यांना सगळे इबू म्हणायचे, म्हणजे आई. आम्हीही तेच म्हणू लागलो. हातात तांब्याची चिमुकली झारी, तिच्या चोचीतून मेण असं उतरायचं की रेघ जाडही होत नसे नि तुटतही नसे. माझ्या कापडावर मात्र मेणाचे ओघळच ओघळ. इबू शेजारी येऊन बसायच्या, तापवलेल्या सळईनं माझा चुकलेला थेंब उचलायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या. त्यांचं न बोलणं मला फार लागायचं. वर्गात मी सगळ्यांच्या चुका मोठ्यानं दाखवते.

शेवटच्या दिवशी शुक्रवार होता. आमचा वाटाड्या दुपारच्या नमाजाला गेला. आम्हाला कडाडून भूक लागली, म्हणून इबूंच्याच ओसरीवर मी पिशवी सोडली. इबू आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. मला वाटलं, संकोचल्या असतील. मग काय, आग्रह करण्यात माझा हात कोण धरणार! खाणाखुणांनी तीनदा बोलावून त्यांना बसवलंच, आणि पुढ्यात भाकरी, चटणी ठेवली. त्यांनी भाकरी कानाशी धरून कट्‌कन मोडली, हसल्या आणि सगळी खाल्ली. एचएसआरच्या मुलीनं आम्हा सर्वांचा फोटो काढला. त्या गडबडीत माझा चटणीचा स्टीलचा डबा तिथंच राहिला. लग्नातल्या सेटमधला, माझं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेला. विमानात मी त्याच्यासाठी खूप हळहळले.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी वर्गातल्या एकीच्या इंदिरानगरच्या घरी आम्ही टीव्हीवर फोटो बघायला जमलो. वडे, कॉफी, हसणं-खिदळणं चाललेलं. ओसरीवरचा फोटो आला आणि ती मुलगी एकदम म्हणाली, "एक मिनिट काकू, बॅकग्राउंडला काय आहे ते? झूम करते."

तिनं फोटो मोठा केला. आमच्या हसऱ्या चेहऱ्यांमागे दार उघडं होतं आणि दारातून आतलं टेबल दिसत होतं. टेबलावर जाळीनं झाकलेली भांडी, आणि केळीचं पान घालून मांडलेली ताटं. अण्णांनी टीव्हीजवळ जाऊन बोटानं मोजली. बँकेतली सवय. आठ होती.

अण्णा वळून म्हणाले, "अक्का, आपल्यासाठीच मांडल्ते की हो ते."

मी तिथूनच वाटाड्याला निरोप धाडला. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. हो, इबूंनी आदल्या दिवसापासून फणस शिजवला होता. तुम्ही शाकाहारी म्हणून नवं भांडं काढलं होतं, कोळंबी घातली नव्हती. तुम्ही आपलं जेवण काढलंत तेव्हा त्यांना वाटलं, तुमच्या धर्मात दुसऱ्याकडचं चालत नसेल. मी नमाजाहून आलो तेव्हा सांगणार होतो, पण पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून त्यांनी मला गप्प बसवलं. नो प्रॉब्लेम.

ते शेवटचे दोन शब्द मला तोंडात मारल्यासारखे लागले. ज्या बाईनं आमच्यासाठी दोन दिवस चूल पेटती ठेवली, तिच्याच दारात बसून मी तिला माझी शिळी भाकरी आग्रहानं खायला घातली होती. आमच्याकडे कुणी असं केलं असतं, तर मी सात पिढ्यांना सांगत सुटले असते. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी रडले. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "स्वल्प नीर कुडीरी अम्मा," आणि त्यानं पाण्याची बाटली मागे केली.

पुन्हा जायचं, हे मी पुढच्याच रविवारी जाहीर केलं. जायचं आणि इबूंच्या हातचं जेवून यायचं. बाकी देवळं, चित्रं, बाजार जमलं तर बघू. आठही जण तयार झाले. आणि या वेळी खाण्याची पिशवी नाही. डबा नाही, पुडी नाही, चिमूटभर मेतकूटसुद्धा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्यांना सामानासकट माझ्या घरी बोलावलं आणि एकेकाची बॅग तपासली. विमानतळावर सुद्धा कुणी इतकी तपासत नसेल. मुलीच्या बॅगेतून सुक्या मेव्याच्या वड्या निघाल्या. "काकू, हे फूड नाहीये, हे इमर्जन्सी आहे!" मी त्या काढून ठेवल्या. अण्णांच्या लुंगीच्या घडीत चार कडक भाकऱ्या होत्या आणि दाढीच्या सामानात चटणीची पुडी.

"अक्का, स्वल्प ऐका की. चहाबरोबर एखादी..."

"नाही."

"सरी," असं म्हणून ते खाली बसले आणि बॅग लावू लागले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, पण मी द्रवले नाही.

वाटाड्याला मी एवढंच कळवलं होतं की इबूंना सांग, शुक्रवारी आम्ही दुपारी जेवायला येतोय. बाकी काही सांगू नकोस, मला स्वतः माफी मागायची आहे. सगळं आपल्या हातानं करायची ही माझी खोड मला कधीतरी नडणारच होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही नाश्तासुद्धा केला नाही. पोटात जागा हवी म्हणून. ओसरीवर पोचलो तेव्हा इबू वाटच पाहत होत्या. वर्षभरात थोड्या वाकल्या होत्या, पण हसू तेच. आत टेबलावर आठ ताटं मांडलेली, केळीची पानं धुतलेली, पाण्याचे पेले भरलेले. मी मनात वाक्यं जुळवू लागले.

तेवढ्यात इबूंनी कपाटातून काहीतरी आणून माझ्यापुढे धरलं. माझा डबा! घासून इतका लख्ख केलेला की माझ्या नावाचा एकेक ठिपका दिसत होता. मी तो घेतला, तर त्यांनी बोटांनी काहीतरी मोडल्याचा अभिनय केला, तोंडानं कट् असा आवाज काढला, आणि आमच्या पिशव्यांकडे बघू लागल्या.

नुकताच नमाजाहून पोचलेला वाटाड्या म्हणाला, "इबू विचारतात, ती कडक रोटी आणली का? त्यांना फार आवडली होती."

मी टेबलाकडे नीट पाहिलं. ताटं होती, पेले होते. भांडं एकही नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि चूल गार होती. मागच्या वेळेसारखे आम्ही आमचंच घेऊन येणार, म्हणून इबूंनी आमच्यासाठी बसायची सोय केली होती आणि स्वतः त्या भाकरीची वाट बघत उपाशी राहिल्या होत्या.

सातही जण मागे वळून माझ्याकडे बघू लागले. सहा, खरं तर. अण्णा फक्त छताकडे बघत होते, आणि ते मला जास्त लागलं.

मी डबा छातीशी धरून वाटाड्याला म्हटलं, "सांग त्यांना, जसं बोलते तसंच सांग. मागच्या वेळी तुम्ही आमच्यासाठी रांधलं होतं आणि आम्ही पाहिलंसुद्धा नाही. आमचा धर्म-बिर्म काही आड येत नाही. आम्ही घाबरट आणि आगाऊ आहोत, दुसरं काही नाही. भाकरी मुद्दाम आणली नाही. या अण्णांनी आणली होती, ती मी काढून घेतली. तुमच्या हातचं खायचं म्हणून इतक्या लांबून आलोय, आणि सकाळपासून पोटात काही नाही."

तो सांगत होता तेव्हा मी इबूंकडे बघू शकले नाही. त्याचं सांगून संपलं. मग इबू हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग खांबाला धरून. हसता हसता डोळे पुसत त्यांनी माझं मनगट पकडलं आणि मला ओढतच स्वयंपाकघरात नेलं.

पुढचा तासभर त्या घरात नुसता धुमाकूळ होता. कुणी परसातून पालेभाजी खुडली, कुणी नारळ खवला. मुलगी सोयाबीनच्या वड्यांचे काप करत होती आणि मध्येच दोन तोंडात टाकत होती. अण्णांनी तांदळाच्या पिठाचा डबा शोधून काढला, पाणी उकळून पीठ मळलं आणि केळीच्या पानावर भाकरी थापायला बसले. "अक्का, बघा. ज्वारीची नव्हे, पण बाईंना काहीतरी द्यायला नको?" पहिली भाकरी कढईत तुटली. दुसरी थापताना इबू त्यांच्याशेजारी बसल्या, आणि मेणाची रेघ ओढणारी ती बोटं पिठावरून अशी फिरली की कडेला एक चीर राहिली नाही. अण्णा हातातलं पीठ विसरून बघतच राहिले.

त्या दिवशी पानात काय काय होतं ते मला सगळं आठवत नाही. गरम भात होता, नारळाच्या दुधातली भाजी होती, मिरच्यांचा ठेचा असा की कोल्हापूरकरानं हात जोडावेत. इबूंनी भाकरी कानाशी धरून मोडली. ती मऊ, आवाज कुठला येणार? तरी त्यांनी तोंडानं कट् केलं आणि अण्णांकडे पाहून मान डोलावली.

निघताना इबू वाटाड्याला काहीतरी बजावून सांगत होत्या. तो आमच्याकडे वळला. "म्हणतात, हे काही जेवण नव्हे. हे भूक भागवणं झालं. फणसाला आदल्या दिवसापासून शिजवावं लागतं. उद्या या."

दुसऱ्या दिवशी जगप्रसिद्ध देवळं बघायला जायचं ठरलेलं होतं. गाडीसुद्धा सांगून ठेवली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "टेंपल कुठे जातंय, काकू? हजार वर्षं तिथंच आहे."

तेव्हा ती देवळं आम्ही दोन खेपांतही पाहिलेली नाहीत. बनशंकरीतले शेजारी अजून हसतात. पण शनिवारी दुपारी आम्ही पुन्हा त्या टेबलाशी होतो. जाळीखाली भांडी झाकलेली, आठ पानं मांडलेली, अगदी फोटोतल्यासारखी. नववं पान मी स्वतः मांडलं आणि इबूंना माझ्या शेजारी बसवायला गेले, पण त्या बसेनात. आधी वाढणार म्हणाल्या.

त्यांनी जाळी उचलली. तपकिरी, गुळचट वासाचा फणस वाफाळत होता. पहिला डाव त्यांनी माझ्याच पानाकडे आणला. आणि जन्मभराच्या सवयीनं माझा हात आपोआप पानावर आडवा गेला, तोंडातून निघालं, "नको नको, थोडंच..."

इबूंचा डाव हवेत थांबला. वाटाड्या बाहेर होता, भाषांतर करायला कुणी नव्हतं. इबूंच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं, जे त्या पहिल्या शुक्रवारी दारात उभ्या असताना असणार आणि मी संकोच समजले होते.

मी हात मागे घेतला. पान दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरलं आणि मराठीतच म्हटलं, "इबू, वाढा."