निळ्या चिंधीची वेल

भंडाऱ्यात मला तगवलं ते शिवणवाल्या मावशीनं. नात्यानं ती माझी कुणी नव्हती. चर्चमधले सगळेच तिला मावशी म्हणायचे.

सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नगरकडची मी इतक्या लांब येऊन पडले. नवरा पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला. चर्चमध्ये मी दाराजवळच्या सतरंजीवर अंग चोरून बसायचे. अशात कळलं, कापणीच्या सणाला प्रत्येक घरानं आपल्या हातचं पीक वेदीपुढे ठेवायचं असतं. बाकीच्यांची धानाची शेतं. आमची एक खोली, पुढे नाली. रिकाम्या हातानं कसं जायचं, या धास्तीनं घास उतरेना.

मावशीनं हटकलं, "काहून गं, अशी सुकून राहिली?"

सांगितलं तर हसली. "माह्या घरामागच्या वाडीत कोपरा रिकामा हाये. ये उद्या, हात मळव जरा."

मावशी वेली मांडवाला सुतळीनं बांधायची नाही. सुतळी कोवळा देठ कापते म्हणे. ती शिवणातल्या चिंध्या वापरायची. माझ्याकडून तिनं लवकीचं, म्हणजे आमच्याकडच्या दुधीचं, बी टोचून घेतलं. वेल चढली तेव्हा माझ्याच ब्लाउजची उरलेली निळी पट्टी तिला बांधली.

"हे वेल तुही. पाणी मी टाकीन, पण लवकी तोडशील तू."

सणाला मी लवकी पुढे ठेवली. उपासनेनंतर वेदीपुढच्या वस्तूंचा लिलाव झाला, पैसे चर्चला. मावशीनंच बोली लावून ती घेतली आणि लगेच परत टेबलावर ठेवली. पसंत पडली नाही वाटतं, म्हणून माझे डोळे भरले.

मावशी शेजारी येऊन बसली. "येडी का तू? इथं असंच करतेत. घ्याचं न देवाले परत द्याचं. पाहाय, अजून कोण कोण घेते ते."

खरंच, लवकी पुन्हा पुन्हा विकली गेली. शेवटी जिनं नेली ती बाई मला म्हणाली, "कोवळी हाये हो तुमची लवकी." पुढच्या रविवारी मी मधल्या सतरंजीवर बसले.

आता मावशीला सुईत दोरा ओवता येत नाही. वाडीत गवत माजलंय. गेल्या सणाला ती आलीच नाही. "काय घेऊन येऊ?" म्हणाली.

येत्या पावसाळ्यात तिचा मांडव मी घालणार आहे. तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी वेलीला बांधीन. पाणी मी टाकीन, लवकी तोडेल ती.