प्रज्ञाताईंनी न केलेली चूक

प्रज्ञाताई सोनटक्के यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या डोळे मिटून टाइप करत होत्या. अंबरनाथ पश्चिमेला, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा संगणक वर्ग होता. दुपारची वेळ, खिडकीला हिरवा पडदा, त्यातून झिरपणारा पाण्यासारखा उजेड आणि पेंगुळलेला पंखा. मी बदलापूरहून नोकरी मागायला गेलो होतो. "बसा, एवढी ओळ संपू दे," असं त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. ती ओळ अजून संपलेली नाही, मी तिथेच बसलो आहे, असं मला आजही कधी कधी वाटतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ताई त्याआधी एका कारखान्याच्या ऑफिसात टेलेक्स चालवत. टेलेक्सवर संदेश धाडण्याआधी पलीकडचं यंत्र आपली खूण कळवतं, ती जुळली की मगच मजकूर सोडायचा, ही त्यांच्या हाताची सवय. ई-मेलमध्ये अशी खूण नसते, याचं त्यांना फार वाईट वाटे. "पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतं," त्या सांगत. "नाव वाचून ओळख पटली असं समजू नका."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले जीन्स शिवणारे कारखानदार शेअर रिक्षाने त्यांच्याकडे शिकायला येत. त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक अनोळखी माणूस म्हणजे 'पार्टी'. एक सिंधी शेठ अटॅचमेंट उघडायला उतावीळ झाले होते. "ताई, नई पार्टी का ऑर्डर होगा, खोलने दो ना!" ताई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, अनजान आदमी डब्बा देगा तो ऐसेच खोलके खाओगे? पहले फोन करके पूछो." शेठनी फोन केला. तिकडून कोणी काही पाठवलंच नव्हतं! व्हायरस म्हणजे काय, हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही. स्पॅम म्हणजे दाराच्या फटीतून आत सारलेली जाहिरातीची पत्रकं आणि फिशिंग म्हणजे गळ. उल्हास नदीवर गळ टाकणारा माशाच्या आवडीचंच लावतो, एवढं सांगितलं की बदलापूरकर माना डोलवत.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

माझी बहीण वंदना मस्कतला नर्स होती. आई दर बुधवारी वर्गात येऊन तिची ई-मेलवर आलेली पत्रं माझ्याकडून वाचून घेई. आमच्या बिल्डिंगमध्ये घराची किल्ली शेजारी ठेवण्याची पद्धत, तेव्हा आईने आपल्या ई-मेल खात्याचा पासवर्डही शेजारच्या दोन घरांत सांगून ठेवला होता, अडीनडीला असावा म्हणून! मी तिला हसलो होतो. मग एका बुधवारी मेल आलं की खातं उद्या बंद होणार आहे, चालू ठेवायचं असेल तर पासवर्ड कळवा. आईचा चेहरा उतरला. वंदनाला आठवा महिना होता, बाळाचा फोटो त्याच खात्यावर यायचा होता. मी, त्याच वर्गातला मास्तर, झटपट पासवर्ड लिहून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी खातं उघडेना. संध्याकाळी शेजारच्यांच्या घरी वंदनाचा फोन आला. आईच्या नावाने तिला मेल गेलं होतं, की मी दवाखान्यात आहे, शेवटची भेट दे, खर्चासाठी बँकेचे तपशील कळव. पोरगी तशा अवस्थेत बॅग भरून बसली होती. आई ठीक आहे म्हणून मी सांगितलं तर तिला खरं वाटेना. "दादा, तू लपवतोयस." आईने फोन हिसकावून घेतला आणि तिला अशी सणसणीत शिवी हासडली, की वंदना रडता रडता हसायला लागली.

खातं मात्र परत मिळालं नाही. तीन वर्षांची पत्रं गेली. आई वर्गात येऊन नुसती बसून राही. मग ताई एका दुपारी तिला म्हणाल्या, "मावशी, आठवतंय तेवढं सांगा." आई सांगू लागली. समुद्र, खजूर, दवाखान्यातली मांजर, सगळं सलग, पोथी म्हणावी तसं. ताई टाइप करत राहिल्या. असे कितीतरी बुधवार गेले. हिरव्या उजेडात त्या दोघी आणि मध्ये दूर कुठेतरी मस्कत. त्यातलं किती वंदनाने लिहिलेलं होतं आणि किती आईने स्वप्नात पाहिलेलं, कोणास ठाऊक. ताईंनी एक शब्द बदलला नाही.

पुढच्या तुकडीला त्या फिशिंग शिकवत होत्या. कोणीतरी हसून म्हणालं, "असा पासवर्ड कोण येडा देतो?" मी मागे मान खाली घालून बसलो होतो. ताई म्हणाल्या, "मीच दिला होता." हसू थांबलं, सगळे वह्या काढून लिहायला लागले. नंतर मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अरे, उद्या तुला याच लोकांना शिकवायचंय. आणि दुसऱ्याची चूक ऐकून लोक हसतात, बाईंची ऐकली की सावध होतात."

पुढे प्रत्येक तुकडीला त्यांनी हेच सांगितलं. मी गप्प राहिलो, कारण गप्प राहणं सोयीचं होतं. मला मास्तर म्हणून मान मिळाला, पुढे माझा स्वतःचा वर्गही झाला, आणि ताई मात्र 'फसलेल्या बाई' म्हणून ओळखल्या गेल्या. याची मला लाज वाटते.

ताईंच्या अमृतमहोत्सवाला जमलेल्या त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांनो, तो पासवर्ड ताईंनी दिला नव्हता, मी दिला होता. ताई, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. डोळे, बोटं, आवाज असेच शाबूत राहोत. ही गोष्ट तुम्ही अजून पुष्कळ वर्षं पुष्कळांना सांगा, पण यापुढे माझं नाव घेऊन सांगा.