हार घातलेले शेठ

आर्ट गॅलरी म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं, सांगू? एसी, पांढऱ्या भिंती, हळू आवाजात बोलणारी माणसं. सॉरी हां. कल्याणच्या जुन्या बाजारातल्या आमच्या गॅलरीत जायचं तर आधी कुकर आणि परातींमधून वाट काढायला लागायची. खाली शेठचं भांड्यांचं दुकान, वर एक लांबडी खोली, आणि त्या खोलीत आमच्या शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे सर. कॉलेज सुटलं की मी तिथेच पडीक असायचो. अजूनही कुठे ताट पडलं की मला टर्पेंटाइनचा वास येतो.

त्या वर्षी शेठने सरांना सांगितलेलं, "मास्तर, दिवाळीनंतर खोली लागणार. माल ठेवायचाय."

सर गपचूप शेठचं पोर्ट्रेट करायला बसले. गल्ल्यावर शेठ, मागे तांब्याचे हंडे. प्रदर्शनात ते बघून तरी शेठचं मन बदलेल, एवढीच आशा.

प्रदर्शनाच्या दिवशी सर शेठना आणायला त्यांच्या घरी गेलेले. इकडे फुलवाल्या मावशी दोन हार घेऊन आल्या. एक सरस्वतीच्या फोटोला घातला. दुसरा उरला. समोर एवढी मोठी फ्रेम मोकळी बघून त्यांनी तो शेठना घातला, आणि खाली उदबत्तीपण लावली.

मग बाजारातली मंडळी यायला लागली. साडीवाले काका दारातच चपला काढून उभे राहिले.

"अरे, कधी झालं हे?"

"सकाळी तर चहा प्यायलो आम्ही," पानवाला म्हणाला.

"तरीच खाली शटर अर्धं ओढलंय."

शटर कार्यक्रमासाठी ओढलेलं. पण माझं ऐकतंय कोण? एक काकू तर डोळे पुसायला लागलेल्या.

आता मला शाळेपासून एकच कला येते, नकला. शेठ बोलायच्या आधी दोनदा खाकरायचे आणि मग नाकातून बोलायचे. मी पोर्ट्रेटच्या स्टँडमागे गेलो आणि खाकरलो.

"मी आहे रे अजून. जेवून येतोय. आणि ऐका, ही खोली मास्तरांकडेच राहणार."

सगळे खो खो हसायला लागले. तेवढ्यात परत कोणीतरी खाकरलं. ते मी नव्हतो.

दारात शेठ, आणि त्यांच्या मागे पांढराफटक पडलेला सरांचा चेहरा.

शेठ सरळ चित्रापाशी आले. स्वतःच्या हाताने हार काढला आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"डोळे माझ्या बापाचे काढलेत," एवढंच म्हणाले.

साडीवाले काका कसले गप्प बसतात. "शेठ, खोलीचं आम्ही सगळ्यांनी ऐकलंय हां."

"ऐकलंत ना? मग झालं तर."

सगळे गेल्यावर मला वाटलं, सर आता पाठ थोपटणार. सरांनी आधी दार लावून घेतलं.

"गाढवा, दुसऱ्याच्या तोंडाने बोलायला तुला सांगितलं कोणी? इतके दिवस राबलो मी त्या चित्रावर. आता त्यांनी खोली चित्र बघून दिली, की तू चार लोकांत अडकवलंस म्हणून दिली, हे मला जन्मात कळणार नाही. आणि हसतोस काय? मूर्ख कुठला."