नातेवाईक मयत झाल्यास

बहिणीच्या लग्नाची तयारी मी घरातली कोण कोण माणसं मरू शकतील याची यादी करून सुरू केली. यादी सुवाच्य अक्षरात होती, मध्ये कार्बन घालून तीन प्रतींत होती आणि प्रत्येक प्रतीवर माझी सही होती. त्यामुळे पुढे 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय राहिली नाही.

ऐंशीच्या दशकातले दिवस. नाहूरला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: आई, धाकटी बहीण निमा आणि मी. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी एका सरकारी कचेरीत टेंडरं तपासायच्या टेबलावर होतो, म्हणजे दिवसभर परक्यांच्या कागदांतल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन घरातल्यांच्या. (लाँड्रीच्या पावतीमागच्या अटी वाचणारा अख्ख्या नाहूरमध्ये मी एकटाच. मला येताना बघितलं की लाँड्रीवाला शटर अर्धं खाली ओढायचा.) निमाचं लग्न बोरिवलीच्या एका चांगल्या घरात ठरलं. मी मुलुंडला हॉल ठरवायला निघालो तेव्हा आईने दारातच बजावलं, "मेल्या, थंय जावन भांडा नको."

मी भांडलो नाही. मी फक्त वाचलं. हॉलच्या छापील करारात एकतीस कलमं होती आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. मॅनेजर पाटणकर समोर बसून होते. बाराव्या कलमाला त्यांनी चहा मागवला, पंधराव्याला पंखा वाढवला.

"अहो, सगळे सही करून जातात," ते म्हणाले.

"सगळे म्हणजे मी नव्हे," मी म्हणालो, आणि सतराव्या कलमावर थांबलो. 'कोणत्याही कारणास्तव तारीख बदलून मिळणार नाही.'

इथे आमच्या भावकीबद्दल सांगायला हवं. मालवणजवळच्या एका गावात ती चार वाड्या भरून पसरली आहे. त्यातलं कोणीही गेलं की मुंबईपर्यंत सगळ्यांना सुतक, आणि सुतकात लग्नकार्य नाही. बरं, आमच्या माणसांना मुहूर्त बघून जायची खोड. माझ्या एका चुलतभावाचा साखरपुडा तीनदा पुढे गेला. तिसऱ्या वेळी मुलीच्या वडिलांनी अगदी नम्रपणे विचारलं, "तुमच्यात अजून किती शिल्लक आहेत?"

"सुतक आलं तर?" मी पाटणकरांना विचारलं.

"सगळ्यांनाच येतं. गेल्या वर्षी एका पार्टीने एकच आत्या दोनदा मारली. नंतर त्यांच्याच लग्नात ती मला पंगतीत भेटली. जिलबी वाढून घेत होती."

"मग तशी अट घाला. जवळचा नातेवाईक मयत झाल्यास तारीख बदलून मिळेल."

पाटणकरांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "जवळचा म्हणजे कोण? नावं द्या. नाव, वय, नातं. सातच. आठव्याचं सुतक आमच्यावर बंधनकारक नाही."

मी तो कागद खिशात घालून विजयी वीरासारखा घरी आलो. कलम सतरा वाकवणारा मी पहिलाच माणूस होतो, असं पाटणकर स्वतः म्हणाले होते. (कोणत्या सुरात म्हणाले, तिकडे माझं लक्ष नव्हतं.)

"लगीनाची यादी करूची सोडून मयतांची करतंस?" आई कपाळाला हात लावून म्हणाली. "शुभ बोल रे नाऱ्या."

"आई, ही नुसती खबरदारी आहे. कोणी मरायलाच पाहिजे असं नाही."

ती पाठ फिरवून तांदूळ निवडत बसली. पाचेक मिनिटांनी तिकडूनच आवाज आला, "पांडूकाकांका घाल. दोन वर्सां झाली, खाटयेर आसत." आणखी थोड्या वेळाने, "विठूचो बापूस रवलो." मग ताट बाजूला ठेवून ती माझ्याशेजारीच येऊन बसली. तासाभरात सात नावं झाली आणि दोन-चार उमेदवार गाळावे लागले.

आता यादीत क्रम हवा. साध्या माणसाने वयाप्रमाणे लावला असता. मी टेंडरवाला. मी शक्यतेप्रमाणे लावला.

पहिलं नाव अण्णाकाकांचं. बाबांचे मधले भाऊ, राहायला घाटकोपरला. गिरणीत आयुष्य काढून त्यांनी दमा कमावला होता आणि त्या एका वर्षात दोनदा हॉस्पिटलात जाऊन आले होते. बाबा गेल्यावर निमाच्या डोक्यावर हात ठेवला तो त्यांनीच. दर रविवारी धापा टाकत आमचे दोन जिने चढून ते तिला बघायला यायचे. कन्यादान काका-काकूंनी करायचं, हे तर स्थळ बघायच्या आधीच ठरलेलं. निमाने साफ सांगितलं होतं, अण्णाकाका नसतील तर मी पाटावर बसणार नाही.

तिने यादी हातात घेतली. "दादा, पहिलं नाव अण्णाकाकांचं?"

"म्हणून तर. ते गेले तर तारीख बदलून मिळेल."

"ते गेले तर ती तारीख घेऊन मी काय करू?"

मुलींना कराराची भाषा कळत नाही, असा विचार करून मी दुसऱ्या दिवशी यादी पाटणकरांकडे दिली. त्यांनी ती फायलीत लावली आणि एक प्रत रजिस्टरात चिकटवली.

पुढच्याच आठवड्यात अण्णाकाका कोणाला न सांगता एकटेच मुलुंडला गेले. हॉलची भांडी, चुली, पाण्याचा नळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. कन्यादान करणाऱ्याने जेवणाकडेही बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढचं मला पाटणकरांनीच सांगितलं. त्यांनी आदराने खुर्ची दिली, नाव विचारलं, रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहरा ओळखीने फुलला.

"अनंत परब? म्हणजे एक नंबर तुम्ही!"

काकांना वाटलं, हा मानाचा नंबर. "एक नंबर म्हंजे?"

पाटणकरांनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. काकांनी चष्मा लावून सावकाश सगळं वाचलं. "तब्येत तर बरी दिसते तुमची," पाटणकर म्हणाले. धीर द्यावा म्हणून म्हणाले, हे ते मला तीनदा सांगत होते.

संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. शेजारीणबाईंनी तो जसाच्या तसा पाठ करून आणला. "अण्णा परब बोलतंय. माझ्या पुतण्याक सांगा, मेलेलो माणूस कन्यादानाक बसणा नाय."

निमाने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. तिने चुड्याला जायचं थांबवलं, साडीला पिको करायचं थांबवलं. रुखवताचं सामान आणून ठेवलेलं तसंच कोपऱ्यात पडून राहिलं. आणि यादीची बातमी मात्र भावकीभर फिरली. पाच नंबरचे अप्पा घरी येऊन म्हणाले, "पाचवो कित्याक? चवथ्यापेक्षा माझो खोकलो जास्त आसा." मानखुर्दची चुलतकाकू तर रडतच आली. तिचं नाव यादीत नव्हतं.

"मी मेलंय तर तुमका सुतक नाय? चाळीस वर्सां ह्या घराण्याचा कुंकू लावतंय."

"काकू, तुम्हाला राखीव म्हणून घालतो," मी म्हणालो. "सातातलं कोणी आधीच गेलं, तर तुमचा नंबर."

काकूने डोळे पुसले आणि चहा घेतला. कागदाने माणसाचं समाधान करता येतं यावर माझा तेव्हा इतका विश्वास होता.

शेवटी आई मला दंडाला धरून घाटकोपरला घेऊन गेली. काका खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वयापरमाण लिवलंस?"

"हो काका. वयाप्रमाणेच."

"तात्या माझ्यापेक्षा दोन वर्सांनी मोठो. तो तिसरो कसो?"

तात्या म्हणजे सगळ्यात थोरले भाऊ, गावचं घर सांभाळून राहिलेले. शेकडो टेंडरांत मी असली विसंगती पकडून ठेकेदारांना घाम फोडला होता. आज घाम मला फुटला. आईने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि खरं सांगतो, तो मला कमीच वाटला. या माणसाने मला खांद्यावर बसवून फिरवलं होतं, आणि मी त्यांच्या धापा मोजून त्यांना पहिला नंबर दिला होता.

"उद्या मुलुंडाक जावया," काका म्हणाले. "नाव काढूक व्हया."

पाटणकर म्हणाले, करारातलं नाव असं काढता येत नाही, लेखी कारण लागतं. काकांनी कागद मागितला. पेन मुठीत धरून, एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं: 'सदर इसम लग्न होईपर्यंत मरणार नाही. याची हमी सदर इसम स्वतः देत आहे.' खाली सही.

पाटणकरांनी ते दोनदा वाचलं. "हमी किती वाजेपर्यंत?"

"हॉल किती वाजेपर्यंत आसा?"

"तीन."

"मगे तीन लिवा."

अशी हमी कायद्याने ग्राह्य नाही, असं मी सवयीने म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही. पाटणकरांनी शिक्का मारला.

पुढचे पाच आठवडे काकांनी ती हमी पाळली. चाळीस वर्षांची विडी एका दिवसात सोडली. गोळ्या घड्याळ लावून घ्यायला लागले. घाटकोपरचा रस्ता ओलांडायला ते वीस वीस मिनिटं कडेला उभे राहत आणि काकू हाताला ओढायला लागली की म्हणत, "सही केलेली आसा." निमा आता रविवारी स्वतःच त्यांच्याकडे जायला लागली. चुडा भरला, रुखवत मांडायला घेतलं. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलायची.

लग्नाच्या दिवशी काका सकाळी सातलाच काळा कोट घालून हॉलवर हजर. चेहरा ओढलेला होता. दम लागला असेल असं मला वाटलं. गावाहून कोणीच आलं नव्हतं. एस. टी. चुकली असेल, म्हणून आई चारदा दारात जाऊन आली. "येतले मागसून," काका म्हणाले. कन्यादानाला बसले तेव्हा तांब्यातलं पाणी निम्मं पाटावर सांडलं. भटजी म्हणाले, "सावकाश, आजोबा." निमाने त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. बोरिवलीकर जेवणावर खूश होते. काका जेवले नाहीत. "गोळी घेतलंय, भूक नाय," म्हणाले. अडीचच्या सुमारास निमा सासरी निघाली. ती त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

गाडी गेली. पाटणकर किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरायला लागले. काका भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे होते. तीनचे ठोके पडले, तसा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"वाच. तुका वाचूची हौस आसा."

तार होती. तीन दिवसांपूर्वीची. तात्या गेले होते.

गावची तार घाटकोपरच्याच पत्त्यावर यायची. काकू बाजारात गेलेली असताना ती त्यांनी घेतली, वाचली, आणि तीन दिवस तो कागद छातीशी धरून आमच्यात वावरले. आई तिथेच खुर्चीवर बसली. त्या वेळी माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

"काका, तारीख बदलून मिळाली असती."

"मिळाली असती रे," ते म्हणाले. "पण त्या नव्या तारखेक माझी हमी कोण देतलो?"

"पण सुतकात कन्यादान..."

"पाप लागला तर माका लागतला. पोरगी बापाशिवाय उभी रवली नाय, पुरे झाला."

आईने खूण केली, तसं मी त्यांना मागे घेऊन गेलो. मयताची बातमी कळली की आंघोळ करायची. स्वयंपाकघरामागे पंगतीची भांडी घासायच्या नळाशी ते कोट काढून दगडावर बसले आणि मी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायला लागलो. दुसऱ्या तांब्याला ते रडले. बहात्तर वर्षांचा माणूस "तात्या, तात्या" करत लहान पोरासारखा मोठ्याने रडत होता. भांडी घासणाऱ्या बायकांनी हात थांबवले. मी आपला ओतत राहिलो. दुसरं काही मला करता येत नव्हतं, आणि तेही मी चुकत होतो, कारण अर्धं पाणी माझ्याच नव्या सफारीवर पडत होतं.

पाटणकर नळ बंद करायला आले होते. काकांना तसं बघून ते दारातच थांबले, किल्ल्या मुठीत आवळून धरल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "अरे देवा. कोण गेलं?"

आणि मी, तात्यांचा सख्खा पुतण्या, तांब्या हातात धरून म्हणालो, "तीन नंबर."